डावीकडचं वजन

१

गाडी सुरू करायची म्हणजे आधी तिची मनधरणी करावी लागे. क्लाइव्ह ऑर्मरॉड ती दर रविवारी करी. बॉनेट उघडून तेलाची कांडी पुसून बघायची. मग किल्ली अर्धी फिरवून थांबायचं. मागच्या बाजूला पेट्रोलचा पंप टकटक करू लागे, आणि ती टकटक मंदावून थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग चोक ओढायचा, बटण दाबायचं, आणि इंजिन खोकत, शिंकत जागं झालं की त्याला आपलं आपण गरम होऊ द्यायचं. थंड इंजिनावर पाय देणारा माणूस क्लाइव्हच्या लेखी लहान मुलांवर हात उगारणाऱ्यांच्या पंगतीतला होता.

दोन माणसांची उघडी गाडी होती ती. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, जमिनीलगत बसणारी, आणि वयाने क्लाइव्हपेक्षा थोडीशीच लहान. तिला कापडी छप्पर होतं, पण बोलंडच्या टेकड्यांत कितीही भुरभुर लागली तरी ते चढवणं जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांना कमीपणाचं वाटे. एकट्याने जायचं तर त्याची वेगळी रीत होती. दोन्ही आसनांवर ताणून बसवायचं काळं मेणकापडाचं कव्हर असे, त्याला मधोमध चेन. चालवणाऱ्याने आपल्या बाजूची चेन उघडून बसायचं आणि शेजारची बाजू टिचबटणांनी झाकलेलीच ठेवायची, म्हणजे पायांना वारा झोंबत नाही. मॉरीन, क्लाइव्हची बायको, गेल्यापासून डावी बाजू कायम झाकलेली होती.

जूनच्या शेवटच्या शनिवारी ती उघडणार होती. त्या दिवशी त्याची मुलगी ब्रायनी हिचं लग्न होतं. लहानपणी ती गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसून बापाला टॉर्च धरत असे. गाडी तेव्हा सुट्या भागांचा ढिगारा होती. "ही चालायला लागली ना डॅड, की मी चर्चमध्ये हिच्यातूनच जाणार. तू चालवायचीस," असं ती एकदा म्हणाली होती. मोठी होताना ती पुष्कळ गोष्टी विसरली. ही विसरली नाही.

लग्नाच्या काही आठवडे आधीच्या एका रविवारी क्लबातल्या गाड्या रांगेने टेकडीपलीकडच्या पबला गेल्या. क्लाइव्हच्या मागे स्टॅन हॅलोज होता. स्टॅन दातांचा निवृत्त डॉक्टर, त्याच्याकडे अगदी अशीच गाडी होती, फक्त लाल. पबच्या अंगणात उतरल्या उतरल्या तो हातमोजे काढत जवळ आला.

"काय रे, कोणाला बसवून आणलंस?"

"कोणाला आणणार? एकटाच आलोय."

"लपवू नकोस, म्हाताऱ्या. बाईमाणूस असेल तर एक ग्लास मी पाजतो तिला." त्याने वाकून कव्हरवर टिचकी मारली. मग सरळ होऊन तो जरा गंभीर झाला. "नाही, खरंच सांगतो. सगळी वाट मी तुझ्या गाडीचं बूड बघत आलो. एकटा माणूस बसला की आपल्या गाड्या उजवीकडे कलतात. माझी तर पगाराच्या दिवशी झिंगलेल्या खलाशासारखी कलते. तुझी सपाट होती. दोघं बसल्यासारखी."

"डावीकडचे स्प्रिंगचे पाटे दमले असतील."

"असतील. या गाड्या असंच करतात."

हे क्लबचं ठरलेलं वाक्य होतं. तेल गळलं, वळणावर दार आपोआप उघडलं, पावसात दिवे गेले, की कोणीतरी ते म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. क्लाइव्हही हसला. आत गेल्यावर त्याने बटाट्याचं सारण भरलेला पाई मागवला, आणि खिडकीजवळची जागा घेतली. खिडकीतून गाडी दिसत होती. आता ती रिकामी उभी होती, आणि डावीकडे कलली होती. जास्त नाही. झोपलेला माणूस कुशीवर कलतो तेवढीच.

२

नवे पाटे आले तसे दोघांनी मिळून ते बसवले. स्टॅन जमिनीवर लोळून नटांना शिव्या घालत होता, क्लाइव्ह चहा करत होता. जुने पाटे काढून नव्यांशेजारी फरशीवर ठेवले, तर दोन्हींची कमान एकसारखी.

"यांना तर काहीच झालेलं नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"दिसत नाही म्हणून झालं नाही असं नसतं. दात बाहेरून चकचकीत दिसतो आणि आत पोकळ असतो. बसव."

नवे पाटे कडक असतात. नव्या पाट्यांची बाजू उंच राहते, मग महिनाभरात बसते. गाडी जॅकवरून खाली आली, दोघांनी ती मागेपुढे ढकलली आणि मडगार्ड आणि चाक यांच्यामधे बोटं घालून बघितलं. उजवीकडे चार बोटं मावत होती. डावीकडे, नव्या पाट्यांवर, तीन.

स्टॅनने पुन्हा बोटं घालून बघितली. मग म्हणाला, "फरशी उताराची असेल."

"फरशी मी घातलीय. पाणी ओतून बघितलंय मी तिच्यावर."

"मग सांगाडाच वाकलाय. आधीच्या कोणीतरी कुठेतरी आपटली असणार. या गाड्या असंच..." कप ठेवून तो घरी गेला.

तो गेल्यावर क्लाइव्हने डाव्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून दाबलं. गाडी दाबली की ती खाली जाते, सोडली की पटकन वर येते, एवढं पोरांनाही कळतं. ती खाली गेली. त्याने हात काढले. ती खालीच राहिली, आणि मग सावकाश, आधी पुढून आणि मग मागून, वर आली. बाकावर बसलेलं माणूस शेजाऱ्याला जागा द्यायला सरकतं, तशी.

त्याने चेन ओढून कव्हर बाजूला केलं. तपकिरी कातड्याचं आसन, त्याने स्वतःच्या हातांनी शिवलेलं. रिकामं. त्याने तळवा ठेवला. कातडं कोमट होतं. गॅरेजला त्या बाजूने खिडकी नव्हती आणि बाहेर दिवसभर ऊन असं पडलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हा तो घाबरला नाही. तो एकटा होता, आणि एकटा माणूस काहीही मनाला लावून घेतो. त्याला मॉरीन आठवली. आसनावर बसताना ती कोट मांड्यांखाली दुमडून घ्यायची. त्याने हात तसाच ठेवला आणि हलक्या आवाजात म्हटलं, "तू आहेस का गं?"

बाजूचं दार, जे बाहेरून नीट लागलेलं होतं, आतून कोणी गुडघ्याने रेटावं तसं एकदाच करकरलं.

३

पाटे बसवले की एकदा खराब रस्त्यावरून फिरून यायचं, हाही नियमच. बुधवारी दुपारी क्लाइव्ह टेकडीवरच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे दोन गाड्या जेमतेम जातील एवढी वाट, आणि वाटेवर मेंढ्या. डावीकडचं कव्हर ताणून बसवलेलं. गाडी सुरेख चालत होती. तो तिच्याशी बोलत होता, नेहमी बोलायचा तसाच. कधी ती आणि कधी मॉरीन, त्याच्या डोक्यात दोघींची सरमिसळ झाली होती.

गडग्यापाशी एक मेंढी आपल्या कोकरासह उभी होती. तिला वळसा घालायला पुष्कळ जागा होती. क्लाइव्हने वेग कमी केला आणि स्टिअरिंगचं चाक उजवीकडे घेतलं.

चाक डावीकडे गेलं.

या गाड्या ओढतात, हे त्याला ठाऊक होतं. खाचेत चाक गेलं की हाताला हिसका बसतो. हा हिसका नव्हता. चाकाचा डावा काठ कोणीतरी मुठीत धरला होता आणि ते शांतपणे, जोर लावून, खाली ओढत होतं. क्लाइव्हने दोन्ही हातांनी उलटं खेचलं. त्याच्या दंडांत कळ आली. ब्रेक दाबला तेव्हा मेंढी गडगा आणि मडगार्ड यांच्यामध्ये आली होती.

आवाज ओल्या पोत्यासारखा झाला. मग दगड कोसळले. मग ती ओरडू लागली. मेंढी अशी ओरडते हे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तो उतरला. तिचे मागचे पाय उरलेच नव्हते म्हणावे असे झाले होते आणि पुढच्या पायांनी ती गडगा चढायचा प्रयत्न करत होती. कोकरू तिच्या तोंडाशी तोंड नेत होतं. वरच्या रानातून टॅटर्सल नावाचा मेंढपाळ बंदूक घेऊन धावत आला. त्याने क्लाइव्हकडे बघितलंसुद्धा नाही. जे करायचं ते केलं, आणि मग वळला.

"झोपला होतास काय?"

"चाक ओढलं गेलं. गाडी जुनी आहे."

"जुनी आहे तर संग्रहालयात ठेव!" टॅटर्सलने बुटाच्या टोकाने चाकाला लाथ घातली. "पुढच्या वेळी पोर असेल इथे. माझी नात याच वाटेने शाळेत जाते. मेंढीचे पैसे नकोत मला. तू या वाटेला येऊ नकोस, बस्स."

क्लाइव्ह मान खाली घालून उभा राहिला. काळ्या मेणकापडावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. ते कापड नगाऱ्याच्या चामड्यासारखं ताठ असे. आता त्याच्या मधोमध हलकासा फुगवटा आला होता, आणि रक्ताचे थेंब त्यावरून चारी बाजूंना ओघळत होते.

घरी येऊन त्याने फुगवट्याकडे न बघता पाण्याचा पाइप मारला. मग वाकून डाव्या मडगार्डखाली बोटं घातली. दोनच मावली.

पाटा बसतोय, त्याने स्वतःला सांगितलं. धक्क्याने बसलाय. पण मॉरीनचं नाव त्यानंतर त्याने गाडीजवळ घेतलं नाही. मॉरीन मांजर मेलं तरी आठवडाभर रडायची.

४

"इंजिनच बरोबर नसेल तर गाडी ओढणारच," स्टॅन फोनवर म्हणाला. "येतो मी. श्वास तपासू तिचे."

गाडीला कार्बुरेटर दोन. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही हे बघण्याची क्लबातली जुनी पद्धत म्हणजे रबरी नळी. इंजिन चालू ठेवायचं, नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. फुस्स असा अखंड आवाज येतो. दोन्हींचा आवाज एकसारखा होईपर्यंत स्क्रू पिळायचे.

स्टॅनने पुढचा ऐकला. मान डोलावली. मागच्याला नळी लावली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं.

"काय झालं?"

"हा सोडतोय."

"काय सोडतोय?"

"हवा. ओढतोय आणि सोडतोय." त्याने नळी क्लाइव्हला दिली नाही. "कार्बुरेटर सोडत नाही, क्लाइव्ह. नुसता ओढतो. अख्खा जन्म लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून काढलाय मी, मला..." तो हसला. "झडप अडकली असेल. पकड दे इकडे. नाही, ती मघाशी मी तिथेच ठेवली, आसनावर, कव्हर लावायच्या आधी."

चेन उघडायला चार पावलं चालून यावं लागलं असतं. त्याने दोन टिचबटणं काढली आणि फटीतून हात आत घातला. त्याचा हात दंडापर्यंत गेला. तो चाचपडत होता, आणि तोंडाने क्लाइव्हला सांगत होता की तुझं आसन तू फारच फुगीर भरलंयस, घोड्याचे केस घातलेस की काय.

मग तो थांबला. "अरे," तो म्हणाला, एखाद्याने खांद्यावर हात ठेवल्यावर आपण म्हणतो तसं.

तो आत ओढला गेला. खांदा फटीत गच्च बसला आणि तोंड दाराच्या पत्र्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. दर वेळी त्याचं डोकं मागे जायचं आणि कोणीतरी हात खेचल्यासारखं परत पत्र्यावर यायचं. नाक फुटलं. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. क्लाइव्हने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मडगार्डला पाय लावून मागे खेचलं. पलीकडून जे खेचत होतं ते क्लाइव्हच्या दुप्पट ताकदीचं होतं, आणि त्याला घाई नव्हती. शेवटी क्लाइव्हने एक हात सोडून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि दोघे उताणे पडले.

इस्पितळात स्टॅनचा हात दोन ठिकाणी मोडलेला निघाला. तोंडावर पट्ट्या होत्या. नर्स गेल्यावर तो म्हणाला, "बाही अडकली. खालून चाकांकडे जाणारा दांडा असतो ना, त्याचं झाकण निघालं असेल. दांड्याला बाही गुंडाळली गेली."

"हो," क्लाइव्ह म्हणाला.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की तो दांडा फिरत नाही. क्लाइव्हला ते माहीत होतं. स्टॅनलाही. दोघेही चादरीकडे बघत राहिले.

"क्लाइव्ह."

"बोल."

"त्याने आधी माझी बोटं मोजली. एकेक करून. मग ओढलं." स्टॅनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. "पोरीला त्या गाडीत बसवू नकोस."

५

ब्रायनी प्रेस्टनहून आली तीच हसत. तिच्या हातात पांढऱ्या फितीचं भेंडोळं होतं.

"बॉनेटवर बांधायला. इंग्रजी व्ही काढायचा, टोकापासून काचेपर्यंत. किती लागेल मोजून बघू दे."

"बस आधी. चहा घे." क्लाइव्हने वाक्य आठवडाभर घोकलं होतं. "मी मोठी गाडी सांगितलीय तुझ्यासाठी. काळी, बंद. केस विस्कटणार नाहीत. झगाही मावेल."

"मला केस विस्कटायचेच आहेत."

"आपली गाडी ठीक नाही, पोरी."

"ती कधी ठीक होती?" ती हसली, मग त्याचं तोंड बघून हसायची थांबली. "काय झालंय तिला?"

ब्रेक म्हणावं तर ती म्हणणार, दुरुस्त कर, अजून चार दिवस आहेत. त्याने पाटे म्हटलं, सांगाडा म्हटलं, स्टॅनची बाही म्हटलं. ती ऐकत होती, आणि तिच्या गालावर लाल ठिपके येत होते, तिच्या आईला यायचे तसे.

"तुला आसनं खराब होतील असं वाटतंय."

"ब्रायनी, असं नाही..."

"आईच्या अंत्यविधीच्या सकाळी तू कुठे होतास? गॅरेजमध्ये. मी शाळेत पहिली आले तेव्हा? गॅरेजमध्ये. मी काही म्हटलं कधी? माझं सगळं लहानपण मी त्या गाडीला टॉर्च धरलाय, डॅड. एक गोष्ट मागितली तुझ्याकडे. एक!" तिने फितीचं भेंडोळं टेबलावर आपटलं. "थांब, मी बघतेच काय झालंय तिला."

ती गॅरेजकडे गेली. क्लाइव्ह मागे धावला तोवर तिने चेनला हात घातला होता. फुगवटा वर आला होता. ती खाली बघत नव्हती, बापाकडे बघत होती, आणि कापड तिच्या मनगटाच्या दिशेने सावकाश उंचावत होतं.

त्याने तिला मनगटाला धरून मागे फेकलं. ती बाकावर आदळली, हत्यारांचा डबा खाली पडला. आयुष्यात त्याने तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं.

तिच्या मनगटावर त्याची बोटं उमटली होती. ती त्यांच्याकडे बघत उठली.

"मी मावशीकडे जाते," ती म्हणाली. "टॅक्सीने येईन चर्चला. तुला यायचं तर ये."

६

भंगारवाला गाडी न्यायला शुक्रवारी येतो म्हणाला होता, पण आला नाही. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला: निघालोय, पण तुमच्या गल्लीत माझा ट्रक शिरणार नाही, गाडी तोंडाशी आणून ठेवा.

क्लाइव्हने ती तोंडाशी आणली. गल्ली तीव्र उताराची, वरच्या टोकाला मुख्य रस्ता, खाली ओढा, त्यावर दगडी पूल आणि पुलापलीकडे चर्च. त्याने गाडी मागे मागे घेत वर नेली, कव्हर झाकलेलं, डावा खांदा कव्हरला लागू न देता, श्वास रोखून. वर पोचल्यावर हँडब्रेक ओढला. गाडीचं तोंड खाली चर्चकडे होतं. ट्रकच्या फळीवर तिला चढवायचं होतं.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने किल्ली काढून घेतली असती आणि ती तशीच थंड ओढून घ्या म्हणून सांगितलं असतं. पण क्लाइव्हचा हात आपोआप चोककडे गेला. थंड इंजिनाने चढ चढायचा नसतो. ज्या गाडीला तो चुरडायला पाठवत होता तिचं इंजिन बिघडू नये, याची काळजी त्याच्या हातांनी घेतली, डोकं मधे न घेता. चोक अर्धा आत केला, इंजिन हळू चालत ठेवलं, उतरला, आणि टाय बांधायला घरात गेला. टाय बांधता बांधता त्याला बरं वाटत होतं. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसला असता. ब्रायनी रुसली असती, पण जिवंत असती.

टायची गाठ तिसऱ्यांदा चुकली तेव्हा बाहेरून हॉर्न वाजला. ट्रकचा नव्हे, आपल्या गाडीचा. दोनदा, खोडकरपणे.

"डॅ-ऽ-ड! चल ना! उशीर नवरीने करायचा असतो, बापाने नाही!"

७

ती डाव्या आसनावर बसली होती. वरच्या मुख्य रस्त्यावरच्या मावशीच्या घरून टॅक्सीकडे चालत येताना तिला गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली असणार, पुसलेली, सुरू केलेली, चर्चकडे तोंड करून उभी. तिला काय वाटलं असेल हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. पांढरा झगा तिने गुडघ्यांपाशी गोळा करून धरला होता, आणि रडत रडत ती हसत होती.

"मला माहीत होतं तू आणणार. शहाणाच आहेस. असा चकवतोस होय?"

आसन रिकामं होतं, तिच्याशिवाय. तिच्या आजूबाजूला काही नव्हतं. गेलंय ते, त्याला वाटलं.

मग त्याने गाडीकडे बघितलं. ती उजवीकडे कलली होती. इतकी, की उजवं मडगार्ड चाकाला घासत होतं.

"आणि तुझ्या बाजूचं कव्हर कशाला लावून ठेवलंस?" ब्रायनी म्हणाली. "मी काढत होते, तर बटणंच निघेनात."

क्लाइव्हने ते लावलं नव्हतं. चालवणाऱ्याच्या आसनावर काळं कापड चारी बाजूंनी ताणलेलं होतं, स्टिअरिंगच्या वरच्या काठापर्यंत. मधोमध ते उंच होतं.

"ब्रायनी, उतर."

"आता काय झालं?"

"उतर!"

गिअर पडल्याचा खट्ट आवाज झाला. हँडब्रेकची दांडी आपोआप खाली गेली. गाडी उताराला लागली.

तो धावला. किती धावला आणि कसा, ते त्याला कळलं नाही. दाराला हात लागला तेव्हा त्याने टिचबटणांसकट कापड ओरबाडून काढलं. क्षणभरच बघितलं. लख्ख सकाळ होती, समोर चर्चचा कळस उन्हात होता, आणि कापडाखाली अंधार होता. त्या अंधाराला गुडघे होते.

क्लाइव्ह त्या गुडघ्यांवर बसला.

दुसरी जागाच नव्हती. त्याने चाक धरलं आणि डाव्या हाताने ब्रायनीला ढकललं. दार उघडेना. ती किंचाळत होती, "डॅड, काय करतोयस, थांबव, थांबव!" आणि तिने त्याच्याच बाहीला घट्ट धरलं होतं, जसं कोणीही धरलं असतं. त्याने तिच्या तोंडावर मारलं. पकड सुटली तसा त्याने तिच्या पोटाला पाय लावला आणि सगळ्या ताकदीने तिला दारावरून बाहेर लोटलं. झग्याचं कापड फाटत गेलं. ती रस्त्यावर खांद्यावर पडली, लोळली, गडग्याला आपटली.

आरशात त्याला ती दिसली. पांढऱ्यावर लाल, एक हात लोंबत होता, ओठ फुटला होता. ती गुडघ्यांवर उठली. ती त्याला शिव्या देत होती. त्या शिव्यांइतकं गोड त्याने काही ऐकलं नव्हतं.

त्याने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. त्याच्या पायांच्या खाली आणि बाजूला आणखी पाय होते, आणि त्यांना ब्रेक नको होता. इंजिन आता पुरतं गरम झालेलं होतं, छान, गोल आवाजात वर चढत होतं. पुलाचा दगडी कठडा मोठा होत होता. पलीकडे चर्चच्या दाराशी टोप्या घातलेल्या बायका हात हलवत होत्या. नवरी आली असं त्यांना वाटलं असावं.

चाकावरच्या त्याच्या हातांवर दुसरे हात आले. लांब, कोमट. एकेक करून त्यांनी त्याची बोटं चाचपली.

"डॅड!" मागून, फार मागून, ब्रायनीने हाक मारली. आता त्यात राग नव्हता.

त्याला वळून बघायचं होतं. तेवढंच हवं होतं. पण हनुवटीखाली एक तळवा आला, आणि त्याने त्याचं तोंड हळुवारपणे पुलाकडे वळवून धरलं.